झार्या ऑफ द डॉन

मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालीकडून चित्रे तयार करून घेऊन रचलेली इंग्रजी चित्रकथा (२०२२). लेखन व मांडणी क्रिस काश्तानोव्हा यांची. मुखपृष्ठासह पृष्ठे १८. यंत्रनिर्मित चित्रांच्या कथेत लेखकाचे नेमके काय, या प्रश्नावर अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने याच पुस्तकाच्या निमित्ताने निर्णय दिला.

निर्मिती : निर्मनुष्य झालेल्या भविष्यातील न्यूयॉर्कमध्ये झार्या ही नायिका वावरते. मिडजर्नी लेखी सूचनेवरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र तयार करते. यादृच्छिक ठिपक्यांपासून आरंभ करून ती टप्प्याटप्प्याने आकृती स्पष्ट करत नेते. दर वेळी हा आरंभ वेगळा असल्यामुळे सूचना तीच असली तरी चेहरा, केस व कपडे बदलतात. सुट्या चित्रात हे खपून जाते. चित्रकथेत मात्र पहिल्या चौकटीतली व्यक्ती पुढच्या चौकटीत ओळखू आली नाही, तर कथेचा धागा तुटतो. काश्तानोव्हांच्या सूचनांमध्ये झेंडाया या अभिनेत्रीचे नाव आढळते आणि नायिकेचा चेहरा तिच्याशी मिळताजुळता आहे. प्रसिद्ध व्यक्तीच्या नावामुळे चेहरा बराचसा स्थिर राहतो, पण दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या वापराचा प्रश्नही उभा राहतो. मिळालेल्या चित्रांतून निवड करणे, हवे तसे चित्र येईपर्यंत सूचना बदलणे, चौकटींचा क्रम लावणे आणि मजकूर लिहिणे ही कामे काश्तानोव्हांनी केली.

कॉपीराइटचा वाद : सप्टेंबर २०२२ मध्ये पुस्तकाची नोंदणी झाली. अर्जात यंत्राच्या वापराचा उल्लेख नव्हता. हा वापर समाजमाध्यमांतून समजल्यावर कार्यालयाने फेरविचार सुरू केला. २१ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानुसार मजकूर, तसेच मजकूर व चित्रे यांची निवड, जुळणी आणि मांडणी यांना संरक्षण मिळाले. सुट्या चित्रांना मिळाले नाही. सूचना देणाऱ्याला नेमके कोणते चित्र येईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे त्या चित्राचा कर्ता त्याला म्हणता येणार नाही, असे कारण कार्यालयाने दिले. नायिकेच्या ओठांत केलेले किरकोळ फेरफारही त्यासाठी अपुरे ठरले. परिणामी संपूर्ण कथा उचलणाऱ्याला अडवता येते. त्यातले एखादेच चित्र वापरणाऱ्याला मात्र या हक्काने रोखता येत नाही.

नंतरच्या घडामोडी : कॉपीराइट कार्यालयाच्या मार्च २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनी अर्जात यंत्रनिर्मित भाग जाहीर करणे आवश्यक केले. मिडजर्नीने मार्च २०२४ मध्ये संदर्भचित्र देऊन तेच पात्र पुन्हा आणण्याची सोय दिली. त्यामुळे चौकटींतील सातत्य राखणे सोपे झाले, पण कर्तृत्वाचा कायदेशीर प्रश्न सुटला नाही : केवळ सूचना दिल्याने चित्रावर पुरेसे नियंत्रण राहत नाही, ही भूमिका कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात कायम ठेवली. मात्र कलावंताने स्वतः काढलेले रेखाटन आधार म्हणून दिले आणि ते अंतिम चित्रात ओळखू येत असेल, तर तेवढ्या भागावर त्याचा हक्क असू शकतो, असेही त्यात म्हटले आहे.