संगीतसूर्य केशवराव भोसले

संगीत रंगभूमीवरील थोर गायक-नट व नाटक मंडळीचे चालक. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. बालवयातच 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने ते नावारूपाला आले. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीत 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईतील ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' रंगले. व्यवसायातील स्पर्धक प्रथमच एकत्र आले. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. मात्र तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी निधन झाले. मंडळीची धुरा पुढे बापूराव पेंढारकरांनी वाहिली. कोल्हापुरातील त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, जयंतीच्या आदल्या रात्री, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.