जलसा

दिवसभर उघड्या मैदानावर चालणाऱ्या गाण्याला, मग ते ब्लूज का असेना, आपण आता ‘फेस्टिव्हल’ म्हणतो, फार तर ‘महोत्सव’. ‘जलसा’ हा घरचा शब्द मागे पडला, आणि मला त्याची हळहळ वाटते.

अरबीत ज-ल-स हा धातू बसण्याचा. जुने कोशकार त्यातही भेद करतात: उभा असलेला खाली बसला तर ‘कअद’, आडवा असलेला उठून बसला तर ‘जलस’. नमाजात दोन सजद्यांमधल्या क्षणभराच्या बसण्याला ‘जलसा’च म्हणतात. कोर्टाचा ‘इजलास’ याच कुळातला. आपली गाण्याची ‘बैठक’ संस्कृत ‘उपविष्ट’वरून प्राकृतमार्गे आलेली. म्हणजे दोन्ही भाषांना गाणे म्हटले की आधी बसणेच आठवले असावे.

‘जुलूस’ने तर कमाल केली. मूळ अर्थ सिंहासनावर बसणे. मोगली कागदांतला ‘सन जुलूस’ म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष. त्या सोहळ्याच्या थाटामाटातूनच मिरवणुकीचा अर्थ आला असावा, आणि बसण्याचा शब्द चक्क चालू लागला! लखनौत मोहरमचा जुलूस रस्त्याने जातो, आणि त्याच धातूतली ‘मजलिस’ म्हटली की तिथे प्रामुख्याने शोकसभाच समजतात. तीत मर्सिये आणि सोज ही शोकगीते होतात; ‘सोज’ फारसी ‘सोख्तन’मधला, म्हणजे जळणे. दुःख चारचौघांत सुरावर मांडायचे ही रीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूजवाल्यांना लगेच ओळखीची वाटेल. त्यांच्या शब्दामागेही ‘ब्लू डेव्हिल्स’, उदासीची निळी भुते, असावीत असे दिसते.

मजलिशींच्या या लखनौत संगीतपंडित भातखंड्यांनी 1926 साली मॅरिस कॉलेज उभे केले. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागलेली ही संस्था आज कैसरबागेत, नवाब वाजिद अली शाहच्या परीखाना या वास्तूत आहे. 1916च्या बडोद्यापासून त्यांनी गवई-पंडितांना एकत्र आणले, पण त्या मेळाव्यांचे नाव ‘परिषद’. संगीताला शास्त्राच्या पंक्तीला बसवायचे, तर ‘जलसा’ हे नाव त्यांना दरबारी, रंगेल वाटले असावे.

इकडे महाराष्ट्रात त्याच शब्दाने वेगळीच वाट धरली. तिकीट लावून होणारा गवयाचा जलसा होताच. पण फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीने तो तमाशाच्या घाटात घालून गावोगाव नेला, आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. आजच्या हिंदी-उर्दूत ‘जलसा’ म्हणजे प्रामुख्याने सभा, समारंभ. मराठीत तो गाणे आणि सभा दोन्ही झाला. मळ्यांत राबणाऱ्यांनी घडवलेले ब्लूज सकाळपासून रात्रीपर्यंत आभाळाखाली ऐकायचे, तर त्या दिवसाला कर्डकांचाच शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो.