शहाचा ‘चेक’ कसा झाला

तेहरानमधला माणूस गाडीचे ऑइल पाहतो किंवा ईमेल उघडतो, तेव्हा त्याच्या तोंडी ‘चेक कर्दन’ हे क्रियापद येते. ‘कर्दन’ म्हणजे करणे. आपल्या ‘चेक करणे’सारखीच ही घडण. इंग्रजीतून आलेला हा ‘चेक’ मुळात मात्र फारसीच आहे. त्याचा मूळपुरुष ‘शाह’, म्हणजे राजा.

भारतातले चतुरंग इराणात ‘चत्रंग’ झाले आणि अरबीत ‘शतरंज’. राजावर मारा झाला की ‘शाह’ असे बजावायचे. अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला आणि ही आरोळीही पोचली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ती ‘स्काकुस’ झाली, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत ‘चेक’. ‘शाह मात’चे झाले ‘चेकमेट’. मराठीचा ‘शह’ही फारसीतूनच आला आणि काटशहासह राजकारणात रुळला. आजचे इराणी खेळाडू मात्र शह देताना ‘किश’ म्हणतात.

पटाच्या फ्रेंच नावाने तर इंग्लंडची तिजोरीच गाठली. बाराव्या शतकात राजाचा हिशेब 10 फूट लांब, 5 फूट रुंद टेबलावर, चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून होई. तिथे खजिनदार आणि महसूल भरणारा शेरीफ यांच्यात बुद्धिबळासारखी झुंज लागते, असे खजिनदार रिचर्ड फिट्झनीलने नोंदवून ठेवले आहे. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही ‘चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो.

शह बसलेल्या राजाला हवी ती चाल करता येत नाही. आधी शह चुकवावा लागतो. त्यातून ‘चेक’ या क्रियापदाला रोखणे, आवर घालणे हा अर्थ आला. ताडून पाहणे, तपासणे हा अर्थ नंतरचा.

फारसीत परतला तो हा नंतरचा अर्थ. म्हणूनच राज्यघटनेवरचा इंग्रजी लेख वाचताना फारसी भाषकाला ‘चेक कर्दन’ पुरत नाही. तिथे ‘जेलोगीरी कर्दन’, म्हणजे रोखणे, हे क्रियापद लागते. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकी राज्यघटनेत अध्यक्ष विधेयक नाकारू शकतो आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढू शकतात. या परस्परांवरच्या अंकुशाला इंग्रजीत ‘चेक’च म्हणतात.