तान्ह्या मुलांचे ध्वनिभान
१. लेखिकेचा रोख जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या कॅनडातील संशोधनाकडे (१९८४) आहे. त्यांच्या प्रयोगात आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली की खेळणे उजळे. त्यावरून त्याला फरक कळल्याची नोंद होई. इंग्रजीभाषक घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ वेगळे ऐकू येत. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना येत नसत. हिंदीभाषक घरांतील बाळांत मात्र ही क्षमता वर्षाच्या सुमारासही टिकून होती. मराठीतही हा भेद अर्थ बदलतो : ताक-टाक. वयानुसार होणारा हा बदल कानाचा दोष नव्हे. ऐकलेल्याची वर्गवारी घरच्या भाषेप्रमाणे बसते. प्रौढांना सरावाने असे भेद काही अंशी पुन्हा शिकता येतात. म्हणून ‘कायमचे बहिरेपण’ हा लेखिकेचा शब्दप्रयोग शब्दशः घेऊ नये. – संपा.