समुद्राच्या पदरीं घातलेलें तेल

पावसाळी वारे सुटूं लागले कीं गोव्याच्या व कोंकणच्या किनाऱ्यांवर काळे, चिकट डांबरगोळे येऊन पडतात. अनवाणी फिरणाराच्या तळव्यास ते असे चिकटतात कीं पाण्यानें कांहीं होत नाहीं. घासलेटाचा बोळाच लागतो. दूर समुद्रांत जहाजांनीं सोडलेल्या तेलाचा हा पुष्कळ अंशीं अवशेष होय, आणि त्याच्या मुळाशीं एक जुना हिशेब आहे.

तेलवाहू जहाज माल उतरवून परत फिरलें म्हणजे हलकें होऊन लाटांवर डोलूं लागे. म्हणून त्याच टाक्यांत समुद्राचें पाणी भरीत. टाक्यांच्या भिंतींना हजारीं तीन-चार भाग तेल चिकटून राही. नवा माल घेण्यापूर्वीं टाक्या धुवून तें तेलकट पाणी समुद्रांत ओतून देत. भाग क्षुल्लक दिसतो. पण दोन लाख टनांच्या जहाजावर तो सहा-आठशें टन होतो! आणि हा अपघात नव्हे, प्रत्येक फेरीचा नेम होता.

ब्रिटननें १९२२ सालीं कायदा केला, तो आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरता. १९२६ च्या वॉशिंग्टन परिषदेंतील मसुदा कागदावरच राहिला. १९५४ चा लंडन येथील करार सामान्यतः किनाऱ्यापासून ५० मैलांच्या आंत तेल सोडण्यास बंदी करणारा होता. म्हणजे केर शेजाऱ्याच्या अंगणांत न टाकतां वेशीबाहेर टाकावा, इतकेंच! वारा व प्रवाह वेस मानीत नाहींत, हें कोंकणांतल्या कोणाही नाखव्यानें सांगितलें असतें.

खरा उपाय १९६० नंतरच्या दशकांत निघाला, तोहि तेलकंपन्यांकडून. धुण्याचें पाणी एका टाकींत सांठवावयाचें. तेल वर तरंगूं द्यावयाचें. खालचें पाणी सोडून देऊन उरलेल्या तेलावरच नवा माल भरावयाचा. टाकाऊ म्हणून ओतलें जाणारें तेल विकावयाचा माल ठरलें. मात्र तेल निवळण्यास वेळ लागतो. चार-दोन दिवसांच्या फेरींत तो कोठून मिळावा?

१८ मार्च १९६७ रोजीं ‘टॉरी कॅन्यन’ जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकावर आदळून सुमारें १,१९,००० टन तेल वाहून आणीत असतां फुटलें. किनारा स्वच्छ करण्यास वापरलेल्या द्रावणांनीं तेलाहून अधिक सागरी जीव मारले. त्यानंतरच राष्ट्रें खडबडून जागीं झालीं. १९७३ व १९७८ सालीं सिद्ध झालेला ‘मारपोल’ करार २ ऑक्टोबर १९८३ पासून अंमलांत आला. तोलाच्या पाण्याकरितां नव्या मोठ्या जहाजांत निराळ्या टाक्या आल्या. १९८८ च्या अखेरीपासून प्लॅस्टिक समुद्रांत टाकण्यास पूर्ण मनाई झाली.

उरली ती यंत्रघराच्या तळाशीं सांचणाऱ्या तेलकट पाण्याची गोष्ट. तें गाळूनच सोडावें व नोंदवहींत लिहावें, असा नियम आहे. पण वही जहाजावरचाच माणूस लिहितो. गाळणयंत्र टाळून गुप्त नळी जोडण्याचे प्रकार त्यामुळेंच घडत आले. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर २०१३ सालीं नव्यानें आलेल्या एका इंजिनियरास अशी नळी दिसली. साउदॅम्प्टन बंदर येतांच त्यानें ब्रिटिश अधिकाऱ्यांस ती हकीकत कळविली आणि नोकरी सोडून तो जहाजावरून उतरला. २०१६ सालीं कंपनीनें अपराध कबूल करून ४ कोटी डॉलर दंड देण्याचें मान्य केलें.