ग्राही प्रथिनांवरील शर्करासाखळ्या

ग्राही प्रथिनांवरील शर्करासाखळ्या : पेशीपटलात रुतून बाहेरचे संकेत टिपणाऱ्या ग्राही प्रथिनांना जोडलेल्या, बहुधा शाखित अशा शर्करारेणूंच्या साखळ्या. अ‍ॅस्परजीन या अमिनो अम्लानंतर एक अमिनो अम्ल सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन असेल, आणि मधले अम्ल प्रोलीन नसेल, तर आंतर्द्रव्यजालिकेत तेथे साखळी जडू शकते व पुढे गॉल्जी पिंडात तिची काटछाट होते. मानवी सेरोटोनिन-१ए ग्राहीच्या पेशीबाहेरील टोकाशी १०, ११ व २४ या क्रमांकांवर अशा जागा आहेत. हा ग्राही हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीजीवशास्त्र संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने दीर्घकाळ अभ्यासला असून, त्याचे कार्य पटलातील कोलेस्टेरॉलवरही अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले.

साखळ्यांचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. बीटा-२ अ‍ॅड्रिनर्जिक ग्राहीतील अशा जागा बदलल्यास संप्रेरक पूर्वीसारखेच जोडले जाते, मात्र पेशीपृष्ठावर पोहोचणारे रेणू घटतात. उलट ईजीएफ (बाह्यत्वचीय वाढघटक) ग्राहीला साखळ्यांविना बंधनक्षम घडीच येत नाही. ट्युनिकामायसिनने शर्कराजोडणी रोखून काढलेले निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात, कारण हे द्रव्य पेशीतील सर्वच प्रथिनांची अशी जोडणी अडवते. एकेक जागा बदलून केलेले प्रयोग त्याहून विश्वासार्ह ठरतात.

या विषयातील सर्वांत रंजक उदाहरण मॅनोज-६-फॉस्फेट ग्राहींचे होय. हे ग्राही लयकारिकांत जाणाऱ्या विकरांवरील फॉस्फेटयुक्त मॅनोज ओळखून त्यांना गॉल्जी पिंडातून पुढे नेतात व आम्लधर्मी कप्प्यात सोडून परततात. म्हणजे दुसऱ्याच्या साखळीवरील पत्ता वाचणारे हे टपालवाले स्वतःही शर्करायुक्त असतात. विकरांवर ही खूणच घातली न गेल्यास ती पेशीबाहेर सांडतात व आय-सेल रोग हा गंभीर आनुवंशिक विकार उद्भवतो. हैदराबाद विद्यापीठात नाडिंपल्ली शिवकुमार यांच्या प्रयोगशाळेने फॉस्फोमॅनन जोडलेल्या जेलवर हे ग्राही अडकवून वेगळे काढण्याची पद्धत वापरून सस्तन प्राण्यांपलीकडे, तारामासा व मृदुकाय प्राण्यांपर्यंत त्यांचा माग काढला. या ग्राहींपैकी सुमारे ३०० किलोडाल्टनचा मोठा ग्राही सस्तन प्राण्यांत इन्सुलिनसदृश वाढघटक-२ लाही घट्ट धरतो. कोंबडीतील ग्राहीत हा गुण आढळत नाही, शर्करा ओळखण्याचे काम मात्र तोही करतो.