वृद्धाश्रमात औषधे सुरक्षितपणे दिली जातात का? ज्येष्ठ नागरिक व कुटुंबीयांसाठी माहिती (बेंगळुरू)

ही माहिती कोणासाठी?

बेंगळुरूमधील वृद्धाश्रमात राहणाऱ्या 60 वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून अनुदान मिळणाऱ्या वृद्धाश्रमांत निराधार ज्येष्ठांना निवारा, जेवण व वैद्यकीय देखभाल मोफत मिळते. पैसे भरून राहत असलात तरी पुढील सूचना लागू पडतात.

थोडक्यात

- औषधांच्या चुका बहुधा दोन दिवशी होतात: वृद्धाश्रमात दाखल होताना आणि रुग्णालयातून परत येताना. या दोन्ही दिवशी औषधांची यादी नव्याने तपासून घ्या.
- प्रत्येक रहिवाशाचा स्वतंत्र औषध-नोंद तक्ता असावा.
- "ही गोळी माझी नाही" असे ज्येष्ठ व्यक्तीने सांगितल्यास आधी थांबावे, तपासावे, मगच औषध द्यावे.

दाखल होताना काय द्यावे?

1. डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी व रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद.
2. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. त्यात आयुर्वेदिक औषधे, डोळ्यांचे थेंब, मलम आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही लिहा.
3. ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव.
4. बंद केलेल्या औषधांची नावे. जुन्या गोळ्या सोबत पाठवू नका.

यादीत कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचे नावही लिहून घ्या. जनऔषधी केंद्रातील मेटफॉर्मिन आणि कंपनीच्या नावाने मिळणारी मेटफॉर्मिन हे एकच औषध आहे. पाकिटे वेगळी दिसल्यामुळे दोन्ही गोळ्या दिल्या जाण्याचा धोका असतो. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. तेही असेच दोनदा पोटात जाते.

परिचारिकेने (सिस्टरने) काय तपासावे?

प्रत्येक वेळी पाच गोष्टी: योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग (तोंडाने, इंजेक्शनने, डोळ्यात) आणि योग्य वेळ. औषध दिल्यावर लगेच तक्त्यावर वेळ लिहून सही करावी. औषध न घेतल्यास तेही कारणासह लिहावे. सगळ्यांच्या गोळ्या वाट्यांत आधीच काढून ठेवणे धोक्याचे आहे.

खोलीत एकाच आडनावाच्या दोन व्यक्ती असतील तर पूर्ण नाव विचारावे. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती कोणत्याही नावाला "हो" म्हणू शकते, म्हणून तक्त्यावर फोटो लावलेला असावा.

इंजेक्शन कोण देते, विशेषतः रात्री, हे विचारून घ्या. परिचारिकेची कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असावी.

या औषधांबाबत जास्त काळजी घ्या

*इन्सुलिन:* भारतात 40 युनिट आणि 100 युनिट प्रति मिली अशा दोन प्रकारांत इन्सुलिन मिळते. 40 च्या सिरिंजचे टोपण साधारणपणे लाल, तर 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते. 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत भरले तर 10 ऐवजी 25 युनिट शरीरात जातात. शुगर एकदम उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखाच हवा. इन्सुलिन दिल्यावर जेवणाला उशीर होता कामा नये.

*मेथोट्रेक्सेट:* संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज दिल्यास प्राणघातक ठरू शकते. तक्त्यावर ठरलेला वार ठळक लिहून घ्या.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या:* मार बसल्यास, हिरड्यांतून रक्त आल्यास किंवा काळी शौच झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

*थायरॉईडची गोळी:* सकाळी उपाशीपोटी घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी.

*गिळता न येणाऱ्या गोळ्या:* नावापुढे एस.आर., ई.आर. किंवा एक्स.एल. असलेल्या गोळ्या कुटून देऊ नयेत. हळूहळू सुटणारे औषध एकदम शरीरात जाते. डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरा पर्याय लिहून घ्यावा.

भाषेची अडचण

सिस्टरला मराठी समजत नसेल तर त्रास सांगायचा राहून जातो. ज्येष्ठांच्या उशाशी एक कार्ड ठेवा. त्यावर हे कन्नड शब्द मराठी अर्थासह लिहा:

- "ई मात्रे नन्नदल्ला": ही गोळी माझी नाही
- "तले सुत्तुत्तिदे": चक्कर येते आहे
- "नोवु": दुखणे

चूक झाली तर

1. पुढचा डोस देऊ नका. काय, किती आणि केव्हा दिले ते लिहून डॉक्टरांना फोन करा.
2. चुकलेला डोस भरून काढायला दोन डोस एकदम देऊ नका.
3. शुगर उतरल्यास घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसतो. व्यक्ती शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नका.
4. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा.
5. औषधाचे पाकीट व तक्ता सोबत न्या.

मदत व तक्रार

- एल्डरलाइन 14567: ज्येष्ठ नागरिकांसाठी टोल फ्री क्रमांक, सकाळी 8 ते रात्री 8.
- औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी: 1800-180-3024.
- वृद्धाश्रमाविषयी लेखी तक्रार: आधी व्यवस्थापकाकडे, नंतर जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. कर्नाटकात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनाही हेच कार्यालय पाहते. तक्रारीची पोच घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आयुष्मान वय वंदना कार्डातून रोजच्या गोळ्या मिळतात का?*
नाही. 70 वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठीचे हे कार्ड रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतच्या औषधांचा त्यात समावेश होतो. रोजच्या औषधांसाठी सरकारी रुग्णालय किंवा जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

*तक्ता पाहायला मागितला तर सिस्टर रागावतील का?*
तक्ता पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. भेटीला गेल्यावर दर वेळी पाहा. बदललेल्या औषधाचे कारण विचारा आणि तुमच्याकडची यादीही त्याच दिवशी सुधारा.